फिरत्या दवाखान्याचे मागचे दिवे

गुरुवार, ता. ८ फेब्रुवारी १९६२. संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे.

एका जीपच्या प्लगची टोके काचकागदाने घासत गॅरेजच्या दारात बसलो होतो. तेवढ्यात फोंडा घाटाच्या बाजूने एक ट्रक आला आणि ट्रकमागून एक खोली आली. खरोखरची खोली. खाली दोन चाके, वर पत्र्याचे छप्पर, बाजूला दार, दाराला दोन पायऱ्या. नांदगाव तिठ्यावरची सगळी माणसे चहा टाकून बघायला आली. गेल्या आठवड्यात अष्टग्रहीत जग बुडणार म्हणून हीच माणसे घराबाहेर बसली होती. जग राहिले आणि हे आले.

मी मात्र मागे जाऊन पाहिले. मागचे दोन लाल दिवे आणि बगलेचे दोन पिवळे, चारही लागलेले होते. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

याला ट्रेलर म्हणतात. शब्द मंडळाच्या कागदावरून पाहून लिहिला आहे. देवगड तालुक्यातल्या मुंबईकरांच्या मंडळाने तो मिलिटरीच्या टाकाऊ मालातून घेतला. आत पलंग, कपाट, हात धुण्याचे भांडे. डॉक्टर त्यातच राहणार आणि जीप त्याला गावोगाव ओढून नेणार. महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेत नारळ फुटायचा आहे. तोपर्यंतची दुरुस्ती आमच्या भिकाजी मेस्त्रींकडे.

मुख्य गोष्ट पुढे आहे. ट्रेलरबरोबर एक माणूस कायमचा ठेवायचा आहे. जीप चालवायची, गाडी सांभाळायची, महिना एकशेवीस रुपये. मला येथे पंचावन्न मिळतात. माणूस मेस्त्री सांगतील तो. सहा वर्षे मी मेस्त्रींच्या हाताखाली आहे आणि गॅरेजमध्ये दुसरा कोणी नाही.

म्हणजे आज संध्याकाळपर्यंत नव्हता. ट्रकच्या केबिनमधून बाबू नावाचा एक इसम उतरला. मुंबईत वायरमन होता, आता गावी आला आहे. आतले दिवे आणि पंखा बसवायला मेस्त्रींनी त्याला महिनाभर ठेवले आहे. पँट घालतो. गाव कुणकेश्वर.

माझी बायको सुशीला हीसुद्धा कुणकेश्वरची. आमचे घर गॅरेजच्या मागेच आहे. ती पाणी घेऊन पुढे आली, त्याला पाहिले आणि म्हणाली, "अगो बाय माझे, बाबूदादा."

आमच्या लग्नाला दीड वर्ष झाले. मला पाहून तिने कधी "अगो बाय माझे" म्हटलेले नाही.

रविवार, ता. ११ फेब्रुवारी.

मेस्त्रींनी कामे वाटली. वरचे, म्हणजे दिवे आणि पंखा, बाबूकडे. खालचा सांगाडा, चाके आणि जीपला जोडायचा आकडा माझ्याकडे. जीप निवडणुकीच्या प्रचाराला भाड्याने गेली आहे, ती वीस तारखेला येईल. तोपर्यंत ट्रेलर ठोकळ्यांवर चढवला आहे.

सांगाडा गंजलेला आहे. कुणकेश्वरला समुद्र देवळाच्या पायरीशी असतो. खारे वारे हे लोखंड दोन पावसाळ्यांत खाऊन टाकतील. घाटावरच्या, कोल्हापूरकडच्या माणसाला हे कळायचे नाही. मला कळते, कारण माझे बाबा देवगड बंदरात होड्या करीत. नववीत माझी शाळा सुटली ती त्यांच्याच हाताखाली राहायला. होडीचे लोखंड कसे राखायचे ते मला बाबूने शिकवायची गरज नाही.

चंद्रूस म्हणजे राळ. ती उंडीच्या तेलात कढवायची, त्यात कापूस भिजवायचा आणि होडीच्या एकेका बोल्टाच्या डोक्याखाली भरून वरून आवळायचे. मग पाण्याचा थेंब लोखंडाला शिवत नाही. मी ट्रेलरला हेच करणार आहे. देवगडहून चंद्रूस मागवला.

मेस्त्री म्हणाले, "सत्या, होडी नाय रे ती. चाकां आसत तेका."

मी म्हणालो, "खारो वारो चाकां बगना नाय, मेस्त्री."

"बरां, कर. पण मगे पाण्यात सोडू नको."

बाबू आतून हसला. मला कळले तो कोणाला हसला ते.

बुधवार, ता. १४ फेब्रुवारी.

बाबूच्या दुपारच्या जेवणाची सोय मेस्त्रींनी आमच्याकडे केली. मला विचारले, पण अशा रीतीने विचारले की नाही म्हणता येऊ नये.

आज तो स्वतःची थाळी आणि पेला घेऊन आला. आमच्या थाळ्या त्याला चालत नसाव्यात. आणि आत पाटावर न बसता पडवीच्या टोकाला, वाऱ्याला बसतो. मुंबईहून आलेली माणसे असे काहीतरी दाखवतातच. जेवून झाल्यावर थाळी स्वतः घासतो, राख लावून दोनदा. सुशीलाने घासायला मागितली तर दिली नाही.

"आनी थोडो भात घालू, बाबूदादा?"

"घाल गो. मुंबैत असो भात गावना नाय."

"मगे थंय काय खायस?"

"धूर."

दोघेही हसली. मला यात हसण्यासारखे काही दिसले नाही. सुके बांगडे तीन होते. एक मला, एक तिला, एक त्याला, असा माझा हिशेब. तिने स्वतःचा त्याच्या थाळीत टाकला.

तो मला "जावयबापू" म्हणतो. कुणकेश्वरच्या सगळ्या वाडीचा मी जावई, हे खरे. पण तो म्हणतो तेव्हा त्यात मीठ असते.

रविवार, ता. १८ फेब्रुवारी.

खालचे काम पुरे झाले. आकडा सांगाड्याला बसतो तेथले चारही बोल्ट काढले, खरवडले, कापूस भरून परत आवळले. आकड्याच्या वाटीला ग्रीस घातले. जीपला अडकवायची साखळी सांगाड्याला वेल्डिंग केलेली आहे, ती सुटत नाही, म्हणून तिला नुसता चंद्रूस फासला. पुढे आकड्याजवळ एक काळी तार सांगाड्याला बोल्टाने आवळलेली आहे. ती कशासाठी ते ठाऊक नाही, पण तिचा बोल्टसुद्धा गंजला होता. तोही काढून तारेच्या टोकाखाली कापूस भरला, वर चंद्रुसाचे दोन हात दिले. एकही जागा सोडली नाही. बाबा असते तर त्यांनी बोट फिरवून पाहिले असते आणि काही बोलले नसते. काही न बोलणे हीच त्यांची शाबासकी असे.

मागच्या दिव्यांना मात्र हात लावला नाही. ते बाबूचे काम.

बाबू वाकून बघायला आला. म्हणाला, "वास बरो येता. आमच्या बापाशीच्या होडयेचो असोच येय." मग खोकत बाहेर गेला. माझे काम पाहून चांगले म्हणवले नाही.

बुधवार, ता. २१ फेब्रुवारी.

जीप आली. संध्याकाळी ट्रेलर जोडला, तारांचा जोड लावला, मेस्त्रींनी बटण दाबले. मागचे दिवे लागले नाहीत. बगलेचेही नाहीत. नीट पाहिले तर लाल काचेत विझत्या विडीएवढा उजेड, तोही मधूनच.

मेस्त्री कमरेवर हात ठेवून म्हणाले, "येताना जिवंत होते. आता दोघांपैकी कोणाच्या हातान मेले?"

 उत्तर सरळ आहे. आठ तारखेला चारही दिवे लागलेले मी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर दिव्यांच्या तारांत हात एकाच माणसाने घातला. मी घातला नाही.

गुरुवार, ता. २२ फेब्रुवारी.

आज मी स्वतः तपासले. बल्ब काढून थेट बॅटरीला लावले, लागले. तारांच्या जोडापासून मागच्या दिव्यापर्यंतची तार चाचणीच्या दिव्याने पाहिली, एका टोकाचा करंट दुसऱ्या टोकाला येतो. फ्यूज चांगला. तार धड, बल्ब धड, बॅटरी धड आणि उजेड नाही. तीन खऱ्या गोष्टींची बेरीज खोटी येते, तेव्हा कोणीतरी मुद्दाम काहीतरी केलेले असते.

तो का करील, हेही मला कळते. दिवे त्यानेच बिघडवायचे आणि शेवटच्या दिवशी मंडळाच्या माणसांसमोर त्यानेच लावून दाखवायचे. मग मेस्त्री कोणाचे नाव सांगतील?

शुक्रवार, ता. २३ फेब्रुवारी.

आज जे पाहिले ते पाहिले तसेच लिहितो.

दुपारी सुशीला जेवणाची टोपली घेऊन गॅरेजमध्ये आली. जीप आणि ट्रेलर यांच्यामध्ये साखळी लोंबत होती. टोपली ठेवायला जागा हवी म्हणून तिने साखळी उचलून बाजूला केली. साखळी जीपच्या कडीवर घासली आणि मागचे दिवे लागले. चारही, लख्ख. तिने साखळी सोडली आणि विझले.

बाबू मागेच उभा होता. तो ओरडला, "परत हलय गो ती साखळी."

तिने हलवली. परत लागले. ती लहान मुलीसारखी हसली. मी जाऊन साखळी हातात घेतली, जोरात हलवली, काही नाही. तिने घेतली, लागले.

माझ्या बायकोच्या हाताला दिवा लागतो आणि माझ्या हाताला लागत नाही, एवढेच त्याला दाखवायचे होते. यामागे त्याने कोठेतरी लपवलेले बटण आहे. मी आत पलंगाखाली, कपाटामागे शोधले. सापडले नाही. तो हुशार आहे, हे मी नाकारत नाही.

मेस्त्री चहाला गेल्यावर बाबू माझ्याजवळ आला. आवाज खाली करून म्हणाला, "जावयबापू, दिवे मागे खरे, पण पुढची ती काळी तार एकदा सोडून बगा. तुमच्या हातचा काम आसा. मी हात लावचंय नाय."

दिवे मागे बिघडले आणि तार पुढची सोडा. मी सहा वर्षे गाड्या उघडतो आहे. मी म्हणालो, "माज्या कामाची चिंता तू करू नको. तुजा काम बग."

तो म्हणाला, "बरां." आणि गेला. त्याचा "बरां" मला दुपारभर टोचत राहिला.

रविवार, ता. २५ फेब्रुवारी.

आमच्या कोंबडीची अंडी मी कोठीतल्या कणगीवर खडूने मांडून ठेवतो. तालुक्याच्या बाजारात विकतो. गेल्या रविवारपासून आठ असायला हवी होती. सहा आहेत. मुंगसाने नेली म्हणावे तर टरफले नाहीत.

दुपारी विहिरीच्या वाटेने आलो तर सुशीला विहिरीवर होती आणि बाबू पलीकडे आंब्याखाली उभा. ती त्याच्यापाशी गेली, कागदात गुंडाळलेले काहीतरी त्याच्या हातात दिले. दोन गोल वस्तू. तो नको नको म्हणत होता. तिने मूठ दाबून त्याला घ्यायला लावले.

मूठ दाबून.

मी घरी येऊन कोयता धारेला लावत बसलो. ती आली आणि म्हणाली, "जेवतास ना?" मी म्हणालो, भूक नाही. तिने पान वाढले आणि मी जेवलो. विचारले काही नाही. विचारले आणि ती खरे बोलली तर मी काय करणार, हे आधी ठरवायला पाहिजे.

आणखी एक गोष्ट सुचली आणि सुचल्यापासून डोके ठिकाणावर नाही. जागा मला मिळाली तर महिन्यातले वीस दिवस मी बाहेर गावी. घर गॅरेजच्या मागे. आणि बाबूला मेस्त्रींनी येथेच ठेवून घेतले तर? जागा त्याला मिळाली तर एकशेवीस रुपये त्याचे. म्हणजे मी जिंकलो तरी तो जिंकतो.

बुधवार, ता. २८ फेब्रुवारी.

आज मेस्त्रींना सांगितले. बाबूने जागेसाठी दिवे मुद्दाम बिघडवले आहेत असे स्पष्ट शब्दांत सांगितले. मेस्त्रींनी लगेच त्याला हाक मारली. मला वाटले होते ते आधी विचार करतील.

"बाबू, हो सत्या काय म्हणता ऐकलंस? तुका ट्रेलरवरची जागा व्हयी म्हणान तू दिवे मारलंस."

बाबूने हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाला, "माका जागा? मेस्त्री, माका ह्या तिठ्यावरसून वरच्या दुकानापर्यंत चालूक दम नाय. माका फकत ही गाडी येळार कुणकेश्वराक पोचली म्हणजे झाला."

"कित्या? तुजो काय नवस आसा?"

"तसाच समजा."

मेस्त्री हसले. मी हसलो नाही. गरीब तोंड करून माणसे कशी कामे साधतात, ते मला माहीत आहे.

मेस्त्रींनी मग निकाल दिला. "शनवारी दुपारी भायर पडूचा. दिवस आसताना पोचलास तर दिव्यांचा काय काम? मंडळाच्या माणसांका मी सांगान काय ता." जाताना मला म्हणाले, "आनी सत्या, जीप तू चालय."

जीप मी चालवणार. मेस्त्रींच्या मनात अजून मी आहे.

शनिवार, ता. ३ मार्च. कुणकेश्वर, सासुरवाडीच्या ओसरीवर.

 सगळे क्रमाने लिहितो.

साडेतीन वाजता निघालो. सुशीला जत्रेसाठी माहेरी येणार होतीच. जीपमध्ये मागे औषधांची खोकी भरलेली, म्हणून मेस्त्री म्हणाले, ती आणि बाबू ट्रेलरमध्ये बसोत. मी जीपवर, मेस्त्री माझ्या शेजारी.

म्हणजे मी पुढे पाहून गाडी चालवायची आणि माझ्या मागे पत्र्याच्या बंद खोलीत ती दोघे.

आरशात ट्रेलरचा पत्रा दिसतो, आतले काही दिसत नाही. शिरगाव यायच्या आधीच मी थांबलो. मेस्त्रींना म्हणालो, चाक तापले का बघतो. ट्रेलरचे दार उघडले. सुशीला पलंगाच्या पुढच्या टोकाला बसली होती आणि बाबू अगदी मागे, खिडकीतून तोंड बाहेर काढून, तोंडाला टॉवेल. चाहूल लागताच माणसे अशीच लांब बसतात. शिरगावनंतर परत थांबलो, आकडा पाहतो म्हणून. तीच दोघे, तशीच. तळेबाजारला रेडिएटरमध्ये पाणी घालायला थांबलो आणि तिथे मुद्दाम वेळ काढला. मेस्त्री म्हणाले, "अरे, चाकां बगतंस की मुहूर्त?"

तळेबाजार सुटले आणि सूर्य गेला. अमावास्या जवळ आलेली, चांदणे नाही. रस्त्यावर कुणकेश्वरला चालत निघालेली माणसे, बैलगाड्या, डोक्यावर बोचकी. जीपचे पुढचे दिवे होते. मागे काळोख.

उतारावर पुढे बैलगाडी आडवी आली म्हणून ब्रेक दाबला. त्याच क्षणी मागून यात्रेकरूंनी भरलेला ट्रक वळणावरून खाली आला. त्याच्या ड्रायव्हरला ट्रेलर दिसलाच नाही, कारण दिसण्यासारखे मागे काही लागलेले नव्हते. चाकांचा आवाज, माणसांची ओरड, मग काही नाही. मी धावत मागे गेलो. ट्रकचे नाक ट्रेलरच्या पत्र्यापासून हातभर राहिले होते. पत्र्याच्या आत सुशीला होती. ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून मला शिव्या देत होता आणि मी त्या ऐकत होतो, पण त्याचे तोंड हलताना दिसते एवढेच मला कळत होते.

ती दार उघडून उतरली. म्हणाली, "माका काय झाला नाय." तिने माझा हात धरला, रस्त्यावर, सगळ्यांसमोर.

ट्रक पुढे गेल्यावर मी पाना घेतला आणि पुढे आकड्याशी जाऊन पाठीवर झोपलो. कोणी सांगितले म्हणून नाही. बाबू कंदील घेऊन आला आणि माझ्याजवळ बसला. काळ्या तारेचा बोल्ट सोडला. तारेखालून चंद्रुसात घट्ट झालेला कापूस निघाला, रुपयाएवढा गोल. मी खिशातल्या काचकागदाने तारेचे टोक घासले, सांगाड्याची जागा घासली, लोखंड पांढरे होईपर्यंत. तार परत आवळली.

"लागले?" मी विचारले.

बाबूने मागे वळून पाहिले. "लागले."

मी उठून पाहिले. आठ तारखेला लागले होते तसेच. दोन लाल, दोन पिवळे.

करंट तारेने मागे जातो आणि सांगाड्याच्या लोखंडातून परत बॅटरीला येतो. त्याच्या परतीची वाट ती काळी तार. साखळी जीपवर घासली की तेवढ्यापुरती त्याला दुसरी वाट मिळत होती. हे आता लिहिताना मला सरळ दिसते. माझ्या हातची साखळी लागली नाही, कारण मी धरली त्या बाजूचा चंद्रूस शाबूत होता, तिच्या बाजूचा कडीवर घासून गेला होता. मी करंटाचीही होडी केली होती. एक थेंब आत येऊ दिला नाही, एक थेंब बाहेर जाऊ दिला नाही.

जीपमधून मेस्त्रींनी विचारले, "काय रे होता?"

मी तोंड उघडण्याआधी बाबू बोलला, "गंज. काडलो जावयबापूनी."

कापसाचा गोळा माझ्या मुठीत होता. बाबूने तो पाहिला होता. तेवीस तारखेपासून तो ओळखून होता आणि त्याने मेस्त्रींना एका शब्दाने सांगितले नाही. मला उपकार वाटायला हवा होता. मला राग आला. आता माझे एक गुपित त्याच्याकडे आणि तिचे एक. माझ्याकडे कोणाचेच नाही.

रविवार, ता. ४ मार्च. महाशिवरात्र.

सकाळी देवळामागच्या वाळूवर ट्रेलर उभा केला. मंडळाच्या अध्यक्षांनी नारळ फोडला. डॉक्टर तरुण आहेत, पांढरा कोट घालून पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, पहिल्या रुग्णाने यावे. चारशे माणसे जमली होती, कोणी हलले नाही. पहिला जाईल त्याला काहीतरी झाले आहे, हे सगळ्या जत्रेला कळणार. हसू, ढकलाढकली. कोणीतरी म्हणाले, "त्या खुळ्याक पाठवा, तेका अक्कल नाय."

मग बाबू पुढे झाला. हातात मोठा पिवळा लखोटा. डॉक्टरांशी तो शुद्ध बोलला, मुंबईला साहेबांशी बोलत असेल तसा. "छातीचा फोटो मुंबईला काढला होता, डॉक्टर. डाव्या बाजूला डाग आहे. तिथली सुई अर्ध्यावर सोडून गावी आलो. ही गाडी येणार असे ऐकले, म्हणून."

त्याच्या आजूबाजूची जत्रा एक पाऊल मागे गेली. मेस्त्रीसुद्धा गेले. मी गेलो. सुशीला होती तेथेच राहिली. तिला पाहून मी परत तिच्या शेजारी आलो. एक पाऊल मागे गेलो होतो हे तिने पाहिले की नाही, ठाऊक नाही.

स्वतःची थाळी. पडवीचे टोक. दोनदा लावलेली राख. तोंडाला टॉवेल. मी हे सगळे तारीखवार लिहून ठेवले आहे आणि त्यातले काही वाचले नव्हते.

दुपारी तिला विचारले. "तू तेका अंडी दिलंस?"

"दिलंय. मुंबैच्या डाक्टरान तेका रोज दोन सांगलेली."

"माका सांगूक काय झाला?"

"तेनी माका कुणकेश्वराची शपथ घातल्यान. मेस्त्रींका कळला तर काम जातला, आनी गाडी तयार होयसर तेका रवाचा होता." मग म्हणाली, "आनी तुमी. तुमी तेच्याशी एक दिवस तरी बरे बोललास?"

मी म्हणालो, "मी शपथ घातलंय तर तू ती अशीच पाळशीत काय?"

ती म्हणाली, "तुमी कदी घातलास?"

संध्याकाळी अध्यक्षांनी विचारले आणि मेस्त्रींनी माझे नाव सांगितले. काम दहा तारखेपासून. लोक पाठ थोपटत होते. बाबू लांब, वाऱ्याच्या बाजूला उभा होता. त्याने तेथूनच हात वर केला. त्याच्याजवळ जाऊन काही बोलावे असे मनात होते. तेवढ्यात सुशीलाने त्याला काहीतरी हाक मारून सांगितले, तो हसला आणि मी गेलो नाही. आजारी माणसाचाही हेवा करता येतो, हे मला ठाऊक नव्हते.

शनिवार, ता. १० मार्च. पहाटे पाच, नांदगाव.

आज पहिली फेरी निघते. तळेबाजार, कुणकेश्वर, मग देवगड. बाबूला सुई देवगडच्या दवाखान्यात मिळणार, गोळ्या आमच्या गाडीतून. तो आता कुणकेश्वरला घरीच राहील. म्हणजे माझी ती काळजी मिटली. ती मिटली म्हणून बरे वाटले, याची लाजही वाटली. दोन्ही लिहून ठेवतो.

मेस्त्री काल संध्याकाळी काचकागदाचे चार ताव घेऊन आले. माझ्या हातात दिले. म्हणाले, "ह्यां गाडयेत ठेव. कापूस घराकडे रवांदे." आणि गेले. चंद्रुसाच्या वासाने कळणारी गोष्ट त्यांना कोणी सांगावी लागत नाही. आकड्याचे चारही बोल्ट मी कालच परत खोलून घासले. बाकीचा चंद्रूस तसाच ठेवला आहे, तो चांगला आहे.

सुशीलाने भुशात घालून अंडी दिली. तिने आधी मोजली, मग मी मोजली. तिने मी मोजताना पाहिले आणि वरून आणखी भुसा घातला.

रात्री. कुणकेश्वर.

बाबू त्याच्या घरच्या पडवीच्या टोकाला बसला होता. मी दोन हात अंतरावर बसलो. तो समुद्राकडे आणि मी ट्रेलरकडे पाहत होतो. मग तो म्हणाला, "दिवे लागतत?" मी म्हणालो, "लागतत." तो म्हणाला, "बरां." या वेळी टोचले नाही. फार नाही.

झालेला खर्च, स्वतःचा:
चंद्रूस अर्धा शेर: रु. १.७५
उंडीचे तेल: रु. २.२५
कापूस: रु. ०.४०
एकूण रु. ४.४०. मेस्त्री देत होते, घेतले नाहीत.

देणे:
देवगडचा चंद्रूसवाला: रु. १.७५, उद्या वाटेत द्यावेत.
काचकागद, चार ताव: मेस्त्रींनी पैसे सांगितले नाहीत.
बाबूसाठी सुशीलाने दिलेली अंडी बारा. तळेबाजारच्या उतारावर एक फुटले. पोचवली अकरा.
बाबूला देणे राहिले, अंडे एक.